कागदी घोडे आणि एक खरी घोडी

कागदी घोडे नाचवण्यात माझी बारा वर्षे गेली. केंद्र सरकारच्या एका खात्यात मी वरिष्ठ लिपिक आहे. या घोड्यांना चारा लागत नाही, पाणी लागत नाही आणि त्यांना कधी पोटशूळ होत नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ते अशा डौलाने जातात, की पाहणाऱ्याला वाटावे, राज्य चालले आहे ते यांच्याच टापांवर. खऱ्या घोड्याशी माझा संबंध म्हणाल तर वरातीपुरता आणि तोही मागून चालण्याचा. असा मी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, एका खऱ्या घोडीच्या सहवासात पुरते दीड वर्ष राहिलो, आणि त्या दीड वर्षात मला जे कळले ते खात्याच्या कोणत्याही नियमपुस्तिकेत नव्हते.

माझी बदली हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात, काझा येथे झाली. बदलीचा हुकूम हाती पडताच आमच्या घरात जे झाले ते सांगण्याचे कारण नाही. हे मासिक वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरी ते एकदा तरी होऊन गेलेले असते. पत्नी आणि मुलगी पुण्यास राहिल्या आणि मी एक वळकटी, एक ट्रंक व औषधांची एक पिशवी घेऊन निघालो. काझा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे. मनालीकडून यायचे तर साडेचार हजार मीटरांहून उंच असलेली कुंझुम खिंड ओलांडावी लागते, आणि ती हिवाळ्यात बंद असते. उरतो तो किन्नौरकडून सतलजच्या काठाकाठाने येणारा रस्ता, आणि तोही दरड कोसळेपर्यंतच आपला.

मला जागा मिळाली ती जुन्या वस्तीतील एका मातीच्या घरात, वरच्या मजल्यावर. स्पितीतील जुन्या घरांची रीत अशी, की तळमजल्यावर जनावरे, वर माणसे आणि धाब्यावर जळण व वैरण. घराचे मालक सत्तरीच्या घरातले होते. त्यांना सारी वस्ती ‘मेमे’, म्हणजे आजोबा म्हणे, आणि मीही तेच म्हणू लागलो. ते मला ‘बाबूजी’ म्हणत. ते मूळचे पिन खोऱ्यातले, आणि पिन खोरे म्हणजे चामुर्ती घोड्यांचे माहेर. माझ्या खोलीच्या बरोबर खाली त्यांच्या घोडीचे ठाण होते. पहिल्या रात्री विरळ हवेने झोप येईना. अशा वेळी खालून एक संथ, दळण दळल्यासारखा आवाज येऊ लागला. घोडी वैरण चघळत होती. त्या आवाजावर मला झोप लागली. पुढे तो आवाज नसला की मला झोप येईनाशी झाली.

चामुर्ती किंवा स्पिती घोडा दिसायला मुळीच भव्य नाही. चित्रातल्या, मान कमानीसारखी वळवून पुढचे पाय उंचावलेल्या घोड्यांची कल्पना मनात ठेवून कोणी त्याला पाहील तर त्याची निराशाच होईल. खांद्याशी उंची जेमतेम सव्वाशे-एकशेतीस सेंटिमीटर. पाय आखूड व हाडाने मजबूत, छाती रुंद, मान जाड, आणि आयाळ इतकी दाट की डोळे त्यातून डोकावल्यासारखे दिसतात. चामुर्ती हे नाव तिबेटातील चुमुर्ती या भागावरून आले आहे. करनालच्या राष्ट्रीय पशु अनुवंश संसाधन ब्यूरोच्या यादीत ‘स्पिती’ या नावाने त्याची स्वतंत्र वंश म्हणून नोंद आहे. ताबोजवळ लारी येथे राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचे त्याच्या पैदाशीचे केंद्रही आहे. आमची घोडी करड्या रंगाची होती, जुन्या शिलेदारांच्या बोलीत सब्जा. तिच्या कपाळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका होता. तिला नाव नव्हते. मी आपला मनातल्या मनात तिला करडी म्हणे.

मी आलो तेव्हा मे महिना होता. करडीच्या अंगावरून हिवाळ्याचे केस पुंजक्यापुंजक्यांनी गळत होते, आणि ती एखाद्या फाटक्या घोंगडीसारखी दिसत होती. मला तिची कीव आली. मी मेमेंना म्हणालो, “हिला रोज खरारा करायला हवा.” ते हसले. पुढे ऑक्टोबर उलटला आणि तिच्या अंगावर दोन पदरी केस चढू लागले, आत मऊ लोकर आणि वर लांब, जाडसर केस. तेव्हा त्यांनी मला हसण्याचे कारण दाखवले. बर्फ पडून गेल्यावर करडी अंगणात उभी होती. तिच्या पाठीवर चार बोटे बर्फ साचले होते आणि ते वितळत नव्हते. मी झटकायला धावलो. मेमेंनी माझा हात धरला. “बाबूजी, बर्फ वितळत नाही याचा अर्थ तिच्या अंगातली ऊब बाहेर जात नाही. वितळू लागेल तेव्हा काळजी करा.” केसांमध्ये कोंडलेली हवाच तिची रजई. हिवाळ्यात फार खरारा केला, किंवा वरून ओले कांबळे घातले, की केस चपटे होतात आणि ती हवा निघून जाते. माझ्या खोलीत शेगडी होती, दोन रजया होत्या, आणि तरीही मी कुडकुडत होतो. खाली उणे वीस अंशांत ती आपल्या स्वतःच्या केसांत सुखाने उभी होती.

पण या घोड्याचे खरे वैशिष्ट्य उभे राहण्यात नाही, चालण्यात आहे. जूनमध्ये एका रविवारी मेमेंनी मला रंगरीकच्या बाजूच्या सपाटीवर नेले आणि करडीवर बसवले. मी दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरले, डोळे मिटले आणि आदळआपट होण्याची वाट पाहू लागलो. ती झालीच नाही. डोळे उघडले तेव्हा दगड मागे पळत होते आणि मी मात्र झोपाळ्यावर बसल्यासारखा स्थिर होतो. या चालीला तिकडे रेवाल म्हणतात. फार्सीत सुखाने वाट चालणाऱ्या घोड्याला राहवार म्हणतात, त्याच कुळातला हा शब्द असावा. आपली मारवाडी व काठेवाडी घोडीही या चालीसाठी नावाजलेली आहेत.

साधा घोडा दुडक्या चालीने पळतो तेव्हा पुढचा उजवा व मागचा डावा असे तिरपे पाय जोडीने पडतात. एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर जाताना तो क्षणभर हवेत असतो, आणि उतरतो तेव्हा स्वाराची हाडे खिळखिळी होतात. रेवालीत एकाच अंगाचे दोन पाय पाठोपाठ पडतात, पण अगदी एकदम नव्हे, थोड्या अंतराने. त्यामुळे चार पायांचे चार ठोके निरनिराळे ऐकू येतात, आणि कोणता ना कोणता पाय सदैव जमिनीवर असतो. म्हणून हिसका नाही. दगडधोंड्यांच्या, दरीच्या काठाच्या वाटेवर दिवसचे दिवस जायचे असेल, तर ही चाल म्हणजे केवळ चैन नव्हे, सोय आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या आइसलंड बेटावर, अशीच बुटकी, झुपकेदार व काटक घोडी आहेत. त्यांच्या अशा चालीला तेथे ‘टोल्ट’ म्हणतात, आणि घोड्याच्या पाठीवर बसून भरलेला पेला न सांडता जाण्याची गंमत तेथे करून दाखवतात. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली या घोड्यांच्या अभ्यासातून असे दाखवले, की निराळ्या चालीची किल्ली एका जनुकातील बदलात आहे. पाठीच्या कण्यातील मज्जातंतू पायांना ज्या क्रमाने आज्ञा देतात, तो क्रम या जनुकामुळे बदलतो. म्हणजे शिकवून चाल सुधारता येते, परंतु तिचे बीज रक्तातच असावे लागते. एकदा वंश मोडला की कोणताही मोतद्दार ते बीज पुन्हा पेरू शकत नाही.

स्पितीच्या लोकांनी हे बीज शेकडो वर्षे सांभाळले, कारण त्यांचे पोट त्यावर होते. घोडी घेऊन परांग खिंडीतून लडाखात जावे, लदारचाच्या जत्रेत मालाची अदलाबदल करावी, सतलजच्या काठाने खाली रामपूरला लवी मेळ्यास उतरावे, हा त्यांचा वर्षाचा क्रम होता. १९६२ साली चीनशी युद्ध झाले आणि तिबेटचा व्यापार बंद पडला. मग रस्ते आले, मोटारी आल्या. ज्या गावाला पोहोचण्यास घोड्याने दोन दिवस लागत तेथे जीप दोन तासांत जाऊ लागली. याबद्दल कोणी खेद करावा असे मला वाटत नाही. अडलेली बाळंतीण घोड्यावरून नेणाऱ्याला रस्त्याची किंमत विचारा. पण त्याच बरोबर घोड्याचे काम सरले, हेही खरे. २०१९ सालच्या पशुगणनेत सबंध देशातील घोडे व तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली. २०१२ च्या मानाने ही घट पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक होती. हे आकडे मी पूर्वीही वाचले होते. पण तेव्हा ते माझ्या डोक्यावरून चालत गेले. आता ते माझ्या खोलीखाली वैरण चघळत होते.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या हातून एक अपराध घडला.

संक्रांतीचा दिवस होता. पुण्याहून आलेल्या डब्यात तिळगूळ होता. कार्यालयात चौघांना दिला, मेमेंना दिला, त्यांच्या सुनेला दिला. संध्याकाळी एकटेपणाने फार गलबलून आले. मी खाली गेलो, करडीला तिळगुळाची वडी दिली आणि तिचा तोबरा जवाने भरला. मेमे तिला दिवसाकाठी दोन ओंजळी चंदी देत, मी चार-पाच पट घातली. सणाच्या दिवशी मुक्या जनावराने तरी पोटभर खावे, एवढाच भाव मनात होता. तिच्या द्रोणातले पाणी गोठून दगड झाले होते, तिकडे माझे लक्षही गेले नाही.

मध्यरात्री जाग आली ती आवाजाने नव्हे, आवाज थांबल्याने. मग खुरांनी जमीन उकरण्याचा आवाज आला. कंदील घेऊन खाली गेलो. करडी मान वळवून वळवून आपल्याच कुशीकडे पाहत होती, बसत होती, लोळत होती, पुन्हा उठत होती. मेमे आले. त्यांनी तिच्या पोटाला कान लावला आणि रिकामा तोबरा पाहिला. त्यांनी मला काही विचारले नाही. त्यांच्या मुलाने पशुवैद्यांना फोन केला. पहाटेशिवाय येता येणार नव्हते, तोवर तिला चालवा, लोळू देऊ नका आणि खायला काही देऊ नका, असे त्यांनी सांगितले.

त्या रात्री आम्ही तिघांनी आळीपाळीने तिला अंगणात फिरवले. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान असते. दिवसभर थोडथोडी वैरण चघळत राहावी, अशीच त्याची घडण आहे. एकदम फार धान्य पडले आणि वर पाणी कमी मिळाले, की आतड्यात वायू धरतो, मळ अडतो. माणसाला ओकारी होऊन सुटका होते, घोड्याला ओकता येत नाही. म्हणून ज्याला आपण साधी पोटदुखी म्हणतो तिने घोडा मरतो. हे सारे मला पहाटे डॉक्टरांकडून कळले. रात्री मला एवढेच कळत होते, की लगाम माझ्या हातात आहे, ती माझ्यामागून मुकाट्याने येत आहे, आणि तिला हे दुःख मी दिले आहे.

लहानपणी ऐकलेली ती बिरबलाची गोष्ट त्या अंगणात सारखी आठवत होती. भाकरी का करपली, घोडा का अडला, विड्याची पाने का सडली? तिन्हींचे उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. मी फिरवत राहिलो. उजाडताना डॉक्टर आले. त्यांनी इंजेक्शन दिले, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडले. दिवस वर आल्यावर करडीने शेण टाकले, आणि त्या शेणाकडे पाहून आम्ही तिघे इतके आनंदलो, की पाहणाऱ्याला आमच्या बुद्धीची शंका यावी.

मी मेमेंची क्षमा मागितली. ते म्हणाले, “बाबूजी, प्रेमाने चंदी घालायची नसते. मापाने घालायची असते.” त्या दिवसापासून हिवाळाभर रोज सकाळी तिला कोमट पाणी पाजण्याचे काम मी घेतले. थंडीत घोडे पाणी कमी पितात आणि तेच त्यांच्या जिवावर बेतते. खुरांत गोठलेला बर्फ हुकाने काढणे, काम करून घाम आला असता तंग एकदम न सोडता हळूहळू ढिला करणे, घाम सुकल्यावाचून दाणापाणी न देणे, मिठाचा खडा चाटायला ठेवणे, हेही मी शिकलो. साऱ्याचे सार एकच. त्याला नियम हवा, माप हवे, आणि रोज त्याच वेळी येणारे तेच माणूस हवे. सरकारी नोकराला हे जमण्यासारखे होते.

पुढल्या उन्हाळ्यात मेमेंच्या मुलाने मालवाहू गाडी घेण्याचे ठरवले. खोऱ्यातला वाटाणा मंडईत न्यायचा तर गाडी हवीच. बँकेच्या कर्जाचा अर्ज लिहिण्यास ते माझ्याकडे आले. मी बारा वर्षांचे कसब पणाला लावून अर्ज लिहिला, आणि तो मंजूर झाला. पहिला हप्ता व आपला हिस्सा भरण्यासाठी करडी विकायची, हे मला नंतर कळले. वैरण थोडी, घोडीला काम नाही, आणि तिचे वय अजून गिऱ्हाईक मिळण्याजोगे. मी मेमेंना म्हटले, “पैसे मी देतो, सावकाश फेडा.” ते म्हणाले, “आणि पुढल्या वर्षी तुमची बदली झाल्यावर कोमट पाणी कोण पाजील?” मुलाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. त्याच्या बाजूने तो बरोबर होता, आणि आम्हा तिघांनाही ते ठाऊक होते.

ऑक्टोबरच्या शेवटी घोडी रामपूरला निघायची होती. लवी मेळ्याच्या आधी, नोव्हेंबरच्या प्रारंभी तेथे घोड्यांचा बाजार भरतो. काझाहून वाट अडीचशे किलोमीटरांहून अधिक. मेमेंनी मला गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी घोडीच्या वर्णनाचा एक कागद करून मागितला. मी पट्टी घेऊन रकाने आखले. अनुक्रमांक, वर्ग, रंग, उंची, वय, ओळखीच्या खुणा, अपेक्षित किंमत, शेरा. सवयीचा हात भराभर चालला. अन् मग माझ्या ध्यानात आले, की चालीचा रकाना मी आखलाच नव्हता.

तेव्हा मला माझ्या आजोबांची घोडी आठवली. आमचे मूळ गाव भीमेच्या काठचे, आणि भीमथडीची तट्टे एके काळी मराठ्यांच्या फौजा पाठीवर घेऊन यमुनेपर्यंत गेली हे आपणांस सांगायला नको. अलीकडे त्यांनाही स्वतंत्र वंश म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली आहे. आजोबांची घोडी १९७२ च्या दुष्काळात वैरणीअभावी विकली गेली. माझे वडील तेव्हा दहा वर्षांचे होते. ते म्हणतात घोडी तांबडी होती. आत्या शपथेवर सांगते की पांढरी होती. आजोबांनी पुढे कधी तिचे नाव काढले नाही, आणि घरात एक चिठोरेही नाही की ज्यावर तिच्याबद्दल अक्षर सापडावे. ती कशी चालत असे, हे आता जगात कोणालाच माहीत नाही.

मी ‘शेरा’ या रकान्यात लिहिले, “चाल रेवाल. स्वभाव शांत. चंदी मापाने घालावी. हिवाळ्यात पाणी कोमट करून पाजावे.” मेमेंनी ते वाचून घेतले, कागदाची घडी घातली आणि छातीशी ठेवली.

पहाटे ती निघाली तेव्हा मी धाब्यावर उभा होतो. मेमे पुढे होते, लगाम त्यांच्या हातात होता. वळणापर्यंत सपाटी होती. तेथे मेमे तिच्यावर बसले, आणि चार ठोके वेगवेगळे ऐकू येऊ लागले. वळणापलीकडेही ते थोडा वेळ ऐकू येत होते. दहा दिवसांनी मेमे गाडीने परत आले. किन्नौरच्या एका बागाइतदाराने घोडी घेतली, त्याचा मळा रस्त्यापासून वर आहे, काम हलके आहे, एवढे त्यांनी सांगितले. मी विचारले, “कागद?” ते म्हणाले, “तोही घेतला. शेरा दोनदा वाचून घेतला.”

आता माझी बदली दिल्लीस झाली आहे. पत्नी व मुलगी येथे आल्या आहेत, आणि मी सुखी आहे. टेबलावर पुन्हा कागदी घोडे आले आहेत. फरक झाला आहे तो एवढाच, की कोणताही तक्ता भरताना शेवटच्या रकान्यापाशी माझा हात थोडा थांबतो. वरिष्ठांनी एकदा विचारलेही, शेऱ्यात इतके काय लिहिता? मी त्यांना काही सांगितले नाही. रात्री झोप येत नसली की मात्र अजून मी कान देऊन पडतो. खालच्या मजल्यावर एका बँकेचे कार्यालय आहे, आणि तेथे रात्री कोणीही वैरण चघळत नाही.